दुधाच्या राज्यातली पेटंटपेढी

‘फॅट किती लागलं?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या दूध संकलन केंद्रांवर रोज दोन वेळा विचारला जातो आणि उत्तरावर दुधाचा भाव ठरतो. गंधकाम्लाने दुधातली स्निग्धता सुटी करायची, नळी गरगर फिरवायची आणि वर आलेला थर मोजायचा, ही युक्ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये बसवली. (आपल्याकडे रुळली ती स्वित्झर्लंडच्या गर्बर यांची पद्धत, तत्त्व तेच.) दुधात पाणी घालणारा आणि साय काढून घेणारा, दोघेही एका नळीत उघडे पडू लागले. बॅबकॉक यांनी पेटंट घेतलं नाही. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने राज्यातल्या शेतकऱ्याला शोध विकायचा कसा, अशी तिथली वृत्ती होती. विद्यापीठाची हद्द राज्याच्या हद्दीपर्यंत, असं तिथे मानलं जाई आणि बऱ्याच अंशी पाळलंही जाई.

ही रीत मोडली त्याच विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयातल्या हॅरी स्टीनबॉक यांनी. अन्नावर अतिनील किरण सोडले की त्यात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याने मुडदूस बरा होतो, हे त्यांनी १९२३-२४ च्या सुमारास उंदरांवर दाखवलं. क्वेकर ओट्स कंपनीने या शोधासाठी दहा लाख डॉलरच्या घरातली रक्कम देऊ केली. स्टीनबॉक नाही म्हणाले आणि पेटंटच्या अर्जासाठी पदरचे ३०० डॉलर घातले. पेटंटविना शोध मोकळा सोडला, तर भोंदू औषधवाले त्याचा बाजार मांडतील, ही एक धास्ती. दुसरी अधिक स्थानिक होती : मार्गरिन, म्हणजे कृत्रिम लोणी, बनवणारे कारखानदार याच किरणांच्या जोरावर विस्कॉन्सिनच्या खऱ्या लोण्याला बाजारातून हुसकतील.

विद्यापीठाला मात्र या व्यापारात हात घालायचा नव्हता. तेव्हा स्टीनबॉक, कृषी महाविद्यालयाचे अधिष्ठाता हॅरी रसेल आणि पदव्युत्तर शाखेचे अधिष्ठाता चार्ल्स स्लिक्टर यांनी वेगळीच वाट काढली. नऊ माजी विद्यार्थ्यांनी शंभर-शंभर डॉलर दिले आणि १९२५ मध्ये विस्कॉन्सिन अॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन, थोडक्यात ‘वार्फ’, उभी राहिली. विद्यापीठासाठी झटणारी, पण विद्यापीठाच्या बाहेरची संस्था. शास्त्रज्ञ पेटंट तिच्या स्वाधीन करतो. ती कंपन्यांना परवाने देते, आलेली रॉयल्टी गुंतवते आणि उत्पन्न संशोधनासाठी विद्यापीठाला परत देते. शोधकालाही वाटा मिळतो. पहिला परवाना १९२७ मध्ये गेला तो त्याच क्वेकर ओट्सला. शोध विकत घ्यायला आलेली कंपनी भाडेकरू झाली! सरकारी पैशातून झालेल्या शोधांची पेटंटं विद्यापीठांना ठेवू देणारा बे-डोल कायदा अमेरिकेत १९८० मध्ये आला, तेव्हा या संस्थेचं वय पंचावन्न होतं.

आता १९३३ चा फेब्रुवारी. विस्कॉन्सिनमधल्याच डियर पार्क गावच्या एका शेतकऱ्याच्या गाई रक्तस्राव होऊन मरत होत्या. हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकून तो विद्यापीठाच्या गावी, मॅडिसनला पोहोचला. गाडीत मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि ती खात असलेली मेलिलोटस या चाऱ्याच्या वनस्पतीची बुरसटलेली वैरण. शनिवार होता, सरकारी पशुवैद्याचं कार्यालय बंद. उघडी सापडली ती कार्ल लिंक या जीवरसायनतज्ज्ञाची प्रयोगशाळा. लिंक यांच्याकडे त्या दिवशी सल्ल्यापलीकडे काही नव्हतं : ती वैरण बंद करा, गुरांना रक्त भरून बघा. बुरसट वैरणीने गुरं दगावतात हे कॅनडातल्या पशुवैद्यांना दहा-बारा वर्षांपासून ठाऊक होतं. तिच्यात नेमकं काय असतं, ते कोणाला सापडलं नव्हतं. लिंक आणि त्यांचे विद्यार्थी त्यामागे लागले, आणि १९३९ मध्ये त्या द्रव्याचे स्फटिक हाती आले. या वनस्पतीला गोड वास देणारं कुमारिन बुरशीमुळे डायकुमेरॉल बनतं आणि ते रक्त गोठू देत नाही.

त्याच कुळातला एक जालीम भाऊ १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आला. संशोधनाचा खर्च वार्फने उचलला होता, म्हणून नाव पडलं वॉरफरिन. पुढे १९५४ पासून तेच माणसांना देऊ लागले. हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही १९५५ मध्ये ते मिळालं. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले आपल्याकडचे रुग्ण रक्त गोठायला लागणारा वेळ पाहणारी आयएनआर चाचणी करत ज्या गोळ्या घेतात, त्या याच घराण्यातल्या. पेटंटांवर लिंक आणि सहकाऱ्यांची नावं आहेत, शेतकऱ्याचं नाही. मला तरी हे खटकतं. विद्यापीठ आणि समाजाची ‘भागीदारी’ म्हणताना समाजाने आणलेल्या प्रश्नाची किंमत हिशेबात क्वचितच धरली जाते.

वार्फचा पैसा वाढला, तसे कज्जेही वाढले. जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये वेगळ्या केलेल्या मानवी भ्रूणाच्या मूळपेशींवरची पेटंटं संशोधकांची अडवणूक करतात, अशी ओरड झाली. अॅपलविरुद्धच्या पेटंट खटल्यात २०१५ मध्ये ज्यूरीने वार्फला २३.४ कोटी डॉलर देवविले, तो निकाल २०१८ मध्ये वरच्या न्यायालयात फिरला.

पण या संस्थेची खरी कसोटी जुनीच आहे. मार्गरिनवाल्यांना स्टीनबॉक पेटंटचा परवाना वार्फने दिला नाही. मार्गरिन खाणारा बहुतेक गरीब, आणि मुडदूस होणारी मुलंही त्याचीच. चाळीसच्या दशकात अपील न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं, सूर्यप्रकाशाने आपोआप घडणाऱ्या क्रियेवरचा हक्कही अमान्य केला आणि पेटंटं रद्द ठरवली. गवळ्याचं राखताना मजुराच्या पोराला वगळणं हा वार्फचा चुकून झालेला तपशील नव्हता. लोणी वाचवणं हा पेटंट घेण्यामागचा एक उघड हेतूच होता. लोण्यासारख्या पिवळ्या रंगाचं मार्गरिन विकायला विस्कॉन्सिनमध्ये १९६७ पर्यंत बंदी राहिली, आणि गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय हॉटेलवाल्याने लोण्याऐवजी मार्गरिन वाढू नये, हा नियम तिथल्या कायद्यात अजून आहे.