नापासांची शाळा

बहिणीचा फोन रात्री साडेदहाला आला, तेव्हाच काहीतरी बिनसले आहे हे कळले. ‘‘दादा, पुन्हा राहिला रे गणितात,’’ एवढेच ती म्हणाली आणि फोन मेहुण्यांकडे गेला. मेहुण्यांचे म्हणणे सरळ होते. आणखी एक क्लास लावायचा आणि ऑक्टोबरला पुन्हा बसवायचे. ही 2011 सालची गोष्ट. भाचा तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि दहावीच्या गणिताने त्याला दुसऱ्यांदा आडवे केले होते.

हाच मुलगा घरातला मिक्सर उघडून बसायचा. शेजारच्यांच्या पाण्याच्या मोटरीने कुरकुर केली, की आधी याला हाक जायची. पण मार्कलिस्टवर त्याचा रकाना नसतो. निकालानंतर आठ दिवस तो जेवणाच्या ताटावरही मान वर करीत नव्हता. त्या दिवसांत बहिणीने घरातली फिनेलची बाटली कुलपात ठेवली होती, हे तिने मला फार नंतर सांगितले.

मी त्याला पाबळला घेऊन गेलो. मेहुणे गाडीत मागे बसून सारा रस्ता गप्प होते.

पाबळ हे शिरूर तालुक्यातले गाव. इतिहासाच्या वाचकांना ते मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असते. एरवी कोरडवाहू, कुसळांचा मुलूख. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये येथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अन्न तंत्रज्ञानात पीएच.डी. केलेला, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर असलेला हा माणूस मुंबई सोडून या माळावर आला. विशेष सोयी नसलेले गाव त्यांना मुद्दामच हवे होते. येथे जे जमेल ते कुठेही जमेल, हा त्यामागचा हिशेब.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मूल चालायला, बोलायला शिकते ते काही धडा वाचून नव्हे. गरज पडते, करून पाहते, चुकते आणि शिकते. मग शाळेच्या दारात आल्यावर ही रीत आपण का मोडतो? म्हणून आश्रमात वर्षभर राहून शिकणाऱ्या मुलांपुढे खरी कामे असतात. गावातल्या कुणाला गोठ्याचे छप्पर हवे असते, कुणाला पाण्याची टाकी, कुणाला घरात वायरिंग. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग आणि प्रत्येकाने चारही विभागांतून जायचे. वेल्डिंग करणारा मुलगा पुढे रक्तातले हिमोग्लोबिन तपासतो, शेळीचे खाद्य मोजतो, भाकरीही थापतो. प्रवेशाला गुणांची अट नाही. आठवीतून शाळा सुटलेलाही चालतो.

आपल्याला हे नवीन वाटते, पण नवीन फारसे नाही. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायचे हाच गाभा होता. त्याआधी 1918 मध्ये अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी ‘प्रकल्प पद्धती’वर लिहिले होते. त्याच अमेरिकेत 1996 मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स येथे डेनिस लिट्की आणि इलियट वॉशर यांनी ‘मेट’ नावाची शाळा काढली. तेथे हायस्कूलच्या प्रत्येक मुलाचा अभ्यासक्रम त्याच्या आवडीवरून वेगळा आखतात. आठवड्यातले दोन दिवस मूल बाहेर कुठेतरी, दवाखान्यात, कारखान्यात किंवा कचेरीत जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करते आणि परीक्षेऐवजी केलेले काम चारचौघांसमोर उभे राहून मांडते. पाबळ आणि प्रॉव्हिडन्स यांच्यात पैशाचे अंतर केवढे, हे सांगायला नको. मुलाकडे पाहण्याची नजर मात्र सारखीच.

असो. भाच्याकडे वळतो.

दोन महिन्यांनी भेटायला गेलो, तर तो दोरी आणि खुंट्या घेऊन पायाची आखणी करीत होता. तीन फुटांवर एक खूण, चार फुटांवर दुसरी. ‘‘मामा, तिरकं माप पाच आलं की गुण्यात आलं समजायचं,’’ तो मलाच समजावू लागला. मी विचारले, ‘‘हे पायथागोरस आहे, माहीत आहे का तुला?’’ तो क्षणभर थांबला. ‘‘तोच? पेपरातला?’’ दोन वर्षे ज्या प्रमेयाने त्याला छळले, ते त्याच्या हातात होते आणि त्याला त्याची ओळख पटलेली नव्हती. ओळख पटल्यावरही तो फारसा हरखला नाही. पुढची खुंटी ठोकायला गेला.

आश्रमाचा घुमट मी तिथेच पाहिला. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडत जायचे, की मध्ये खांब नसलेले छप्पर उभे राहते. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर असे घुमट मराठवाड्यात उभे राहिले होते. भाच्याच्या गटाने अशाच एका घुमटाच्या पट्ट्या कापल्या आणि त्यातल्या काही याने अर्धा इंच आखूड कापल्या. खालचे थर कसेबसे जुळले, पण वर शेवटचा बोल्ट काही बसेना. कुणी ओरडले नाही. वाया गेलेले लोखंड वजन करून, भावाने गुणून, कामाच्या खर्चपत्रकात लिही, एवढेच सांगितले. ‘‘मला वाटलं घरी पाठवतील,’’ तो म्हणाला. तो आकडा त्याला आजही तोंडपाठ आहे.

सगळेच गोड होते असे नाही. त्याच्या बरोबरचे काही जण मध्येच निघून गेले. हा स्वतः पहिल्या पंधरवड्यात दोनदा पळून येण्याच्या बेतात होता. शेण काढायला लागते म्हणून मेहुणे चिडले होते, ‘‘एवढ्यासाठी शाळेत घातलं होतं का?’’ आणि लिहिण्या-वाचण्याची गोडी त्याला तिथेही लागली नाही. करून शिकणाऱ्याला वाचून शिकण्याचीही गरज पडते, आणि ती बाजू मला थोडी लंगडी वाटली. कदाचित दोष पद्धतीचा नसेल, आधीच्या दहा वर्षांनी पुस्तकाची जी धास्ती घातली तिचा असेल.

वर्षअखेरीस त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता असलेली पदविका मिळाली. त्याच संस्थेतून पुढे तो दहावीही झाला. तिथे पाच विषय पुरतात आणि गणित घेतलेच पाहिजे असे नाही. त्याने घेतले नाही. आज तालुक्याच्या गावी त्याचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. ग्रिल, शटर, शेतीची अवजारे. दिवसभर तो गणितच करीत असतो. मेहुणे लग्नकार्यात ‘‘मुलाने डिप्लोमा केला’’ असे सांगतात. कशाचा, ते सांगत नाहीत.

कलबाग 2003 मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक पाबळला आली होती. त्यांनी शाळांसाठी आखलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम, आठवी ते दहावीला आठवड्यातून एक दिवस, महाराष्ट्रातल्या अनेक खेड्यांतल्या शाळांत पोचला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे शिकायला पाठवा असे म्हटले आहे. दहा दिवस! तीन वर्षांत मिळून दहा दिवस.

पण धोरणाला हसण्याचा मला किती अधिकार आहे? भाचा पाबळला गेला तेव्हा माझी मुलगी रांगत होती. यंदा ती दहावीला आहे. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. तिलाही हाताने काही करायचा नाद आहे. दिवाळीत ती भाच्याच्या दुकानात चार दिवस रमली आणि पक्ष्यांसाठी पाण्याचा एक वाकडातिकडा स्टँड वेल्ड करून घेऊन आली. परवा तिने विचारले, ‘‘बाबा, दादा शिकला तिथे मी जाऊ का वर्षभर?’’

तिला नव्वद टक्क्यांच्या वर गुण असतात. मी म्हणालो, ‘‘आधी बोर्डाचं बघू.’’

‘‘म्हणजे नापास झाले तर जाऊ देशील?’’

तेवढ्यात खाली क्लासची रिक्षा आली. ती दप्तर घेऊन जिना उतरली. तिचा तो स्टँड गॅलरीत आहे, एका पायाने थोडा आखूड. खाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे.