बॅकअप घेतलाय? मग तो परत आणून दाखवा!



ऑगस्ट २०१९ चा गोदावरीचा पूर नाशिककर विसरलेले नाहीत. दुतोंड्या मारुती बुडाला, पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरलं. अशा वेळी दुकानातला कॉम्प्युटर भिजला तर? "सर, पेन ड्राइव्हमध्ये बॅकअप आहे ना!" बरोबर, पण तो पेन ड्राइव्ह कुठे असतो? त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये! मग कोणाकडे किती उधारी राहिली, हे कशावरून सांगणार?

म्हणून ३-२-१ लक्षात ठेवा. मूळ धरून डेटाच्या ३ प्रती, २ प्रकारच्या साधनांवर, आणि १ प्रत दुकानाबाहेर. कॉम्प्युटर, घरी नेलेली हार्ड डिस्क आणि गुगल ड्राइव्ह, झालं काम.

१) सगळं घ्या. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय एकत्र दाबा, बॅकअप निवडा. एकापेक्षा जास्त कंपन्या असतील तर सगळ्या घ्या. एक्सेलमधली उधारी, बिलांच्या पीडीएफ, ग्राहकांचे नंबर त्यात येत नाहीत. ते वेगळे कॉपी करा.

२) तारखेचं फोल्डर करा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. जुन्या प्रतीवरच नवी टाकत राहिलात, तर आजचा बिघडलेला डेटा कालच्या चांगल्या डेटावर बसतो.

३) एक पान लिहा. बॅकअप कोण घेतं, कधी, कुठे ठेवतं, परत कसा आणायचा आणि पासवर्ड कोणाकडे आहे. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड हरवला तर बॅकअप असूनही डेटा उघडत नाही! पान दुकानात एक, घरी एक. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका, तो घरी कुलपात ठेवा.

४) महिन्यातून एकदा तपासा. बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, नाहीतर चालू डेटावर जुना बसेल. शेवटचं बिल आणि रोख शिल्लक जुळते का बघा. आणि हे तुम्ही नका करू! घरच्या माणसाला ते पान द्या आणि गप्प बसा. तो जिथे अडेल, तिथे पान सुधारा.

आणि हो, हा नुसता माझा आग्रह नाही. जीएसटीच्या २०१७ च्या नियमांत नियम ५७ आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवत असाल, तर अपघातात किंवा नैसर्गिक आपत्तीत त्या नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत परत आणता येतील असा बॅकअप हवा, असं तो सांगतो. मागितल्यावर फायलींचे पासवर्डही द्यावे लागतात.

आज शटर ओढण्याआधी पहिला बॅकअप घ्या आणि ते पान लिहायला बसा. अर्ध्या तासाचं काम आहे!