‘होमली’ मुलगी, ‘व्हर्नॅक’ मुलगा

बोरिवली-मुलुंडकडच्या स्थळांच्या इंग्रजी बायोडेटात ‘होमली’ हा शब्द अजून ठाण मांडून आहे. मुलगी होमली, म्हणजे घर सांभाळणारी, वडीलधाऱ्यांचा मान राखणारी. हाच कागद न्यू जर्सीला गेला आणि तिथेच जन्मलेल्या मुलाच्या हाती पडला, तर त्याला भलतंच कळतं. अमेरिकन इंग्रजीत माणसाला होमली म्हणायचं ते रूपाने अगदीच बेताचं असेल तर. आईवडिलांनी कौतुकाने लिहिलेलं विशेषण पोरीच्या चेहऱ्यावरचा शेरा होऊन पोचतं.

आपण इंग्रजी शिकलो ते शब्दार्थांच्या वहीतून. तिथे ‘चाइल्डिश’ आणि ‘चाइल्डलाइक’ या दोन्हींपुढे ‘लहान मुलासारखा’ असं लिहिलं की काम झालं. प्रत्यक्षात पहिला शब्द पोरकटपणाबद्दल कान उपटतो, दुसरा निरागसपणाचं कौतुक करतो. ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’, ‘थ्रिफ्टी’ आणि ‘स्टिंजी’ या जोड्यांचंही तेच. मराठीत आपला असा घोळ होत नाही. सून ‘सडपातळ’ आहे म्हणणारी सासू आणि ‘हाडकुळी’ आहे म्हणणारी सासू यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. कधी तर नुसत्या प्रत्ययावर भागतं: म्हाताऱ्याचा म्हातारडा, पोराचं पोरटं.

इंग्रजी शिकणाऱ्या परभाषकांसाठी केलेल्या कोशांत अशा शब्दांपुढे ‘डिसअप्रूव्हिंग’, ‘ऑफेन्सिव्ह’ अशा खुणा असतात. मोबाइलवर अर्थ बघताना नेमकी तीच बारीक अक्षरं आपण वगळतो. गंमत म्हणजे मराठीसाठी ही सोय साहेबाने फार आधी करून ठेवली होती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. अमुक शब्द तुच्छतेने वापरतात, तमुक रागाने, अशा टिपा त्यात जागोजागी सापडतात. राज्य करायचं तर रयत आपल्याला तोंडावर काय म्हणते आहे, हे कळायलाच हवं होतं ना!

पण सूर एका जागी टिकत नाही, आणि मुंबईत तर नाहीच. साहेबाच्या तोंडी ‘नेटिव्ह’ शब्दाला वर्चस्वाचा दर्प होता. तरी १८४८मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ग्रंथालयाच्या नावात तो होता. ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणजेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. आता अंधेरी लोकलमध्ये “तुमचं नेटिव्ह कुठलं?” असं विचारलं तर समोरचा खुशीत “चिपळूण” म्हणतो आणि गप्पा सुरू होतात. ‘व्हर्नाक्युलर’ची वाट नेमकी उलटी. शब्दाचं मूळ लॅटिन, घरातच जन्मलेल्या गुलामासाठी वापरायच्या शब्दातलं. लॉर्ड लिटनने १८७८मध्ये देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली, त्या कायद्याच्या नावातही तो होता. पुढे ‘व्हर्नाक्युलर फायनल’ झालेल्या मास्तरला गावात मान मिळाला. आणि आज उपनगरातल्या कॉलेजच्या कट्ट्यावर त्याच शब्दाचं शेपूट तोडून ‘व्हर्नॅक’ केलंय. मराठी, गुजराती किंवा हिंदी माध्यमातून आलेला मुलगा प्रेझेंटेशनला उभा राहतो, ‘डेव्हलप’मधला ‘डे’ ठासून म्हणतो आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. तोंडावर त्याला कुणी काही म्हणत नाही. “तसा हुशार आहे, पण जरा व्हर्नॅक आहे,” हे त्याच्या पाठीमागे चालतं.

‘घाटी’ची कथा याहून चमत्कारिक. शब्द आपला, भूगोलातला: घाटावरून आलेला तो घाटी. मुंबईत हमाली, घरकाम करायला घाटावरची माणसं आली आणि इथल्या गुजराती घरांतून ‘घाटी’ म्हणजे घरगडी असाच अर्थ रुळला. कोकणातल्या गड्याला ‘रामा’ म्हणत; त्याचं खरं नाव काय, याची चौकशी कशाला! आता ‘घाटी’ हा शब्द इंग्रजी वाक्यात जाऊन बसलाय. शर्ट घाटी, गाणं घाटी, उच्चार घाटी. सातारचे दोन मित्र एकमेकांना घाटी म्हणतात तेव्हा हसतात. तेच वाक्य तिसऱ्याने म्हटलं तर हाणामारीची वेळ येते. कोशातली खूण इथे कुणाच्याच कामाची नाही, कारण बोलणारा कोण हे कोशात लिहिता येत नाही.

जानेवारी २००९मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’वरून मुंबईत निदर्शनं झाली, ती ‘आम्ही कुत्रे नाही’ म्हणून. शब्द आपणच घडवला, कुणाला दुखवायचा हेतू नव्हता, असं पटकथाकार सायमन ब्यूफॉय यांनी सांगितलं. लोकांचा राग ‘डॉग’वर होता; ‘स्लम’वर फारसं कुणी बोललं नाही. तो तर झोपडपट्ट्यांविषयीच्या १९७१च्या कायद्याच्या इंग्रजी नावातच आहे, आणि १९९५पासून ‘एसआरए’च्या, म्हणजे ‘स्लम रिहॅबिलिटेशन ऑथॉरिटी’च्या, पाटीवरही. घाटकोपरच्या डोंगरावरचा माणूस “एसआरएत नाव लागलं” म्हणून पेढे वाटतो. खाली स्टेशनजवळ इस्टेट एजंट गिऱ्हाइकाला आवाज खाली आणून सांगतो, “तशी बिल्डिंग चांगली आहे, पण एसआरएची आहे.”

ऑगस्ट २०२३मध्ये, धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या ठोकळेबाज भाषेवर एक पुस्तिका काढली. ‘स्पिन्स्टर’ नको, अविवाहित स्त्री म्हणा. ‘करिअर वुमन’ नको, नुसतं ‘वुमन’ पुरे. मला त्या यादीत सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो ‘ईव्ह टीझिंग’. इथे तक्रार नेमकी उलटी आहे. हा शब्द बाईला हिणवत नाही, गुन्ह्यालाच गोंजारतो. गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर मुद्दाम घातलेला हात त्यात नुसती थट्टामस्करी होऊन जातो. पुस्तिकेने त्याजागी ‘रस्त्यावरचा लैंगिक छळ’ असा सरळ शब्दप्रयोग सुचवलाय. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो बसवायचा तर जागा जास्त लागते, हे खरं. पण छेडछाडीचे मथळे लिहिणाऱ्या आम्हा मंडळींची ही सबब आता पुरे.