वाजतगाजत (लेखांक ७) : कचकड्याचे मोती

गेल्या आठवड्यात आपण कातड्यापाशी थांबलो होतो. वासराचं कातडं पावसाळ्यात सैल पडायचं, ड्रमवाले हैराण व्हायचे, आणि १९५७ च्या सुमारास मायलरचे पडदे बाजारात आल्यावर त्यांची सुटका झाली, असं लिहिलं होतं. त्यावर एका वाचकानं विचारलं : कातडं आवाजाचं झालं, पण ड्रमच्या अंगाला जो चकचकीत मोतिया पत्रा असतो तो कशाला? त्यानं आवाज सुधारतो का?

नाही. उत्तर एका शब्दात संपलं. पण त्या पत्र्यात मासळी आहे, कापूर आहे, फाळक्यांच्या सिनेमाचं भावकीतलं नातं आहे आणि थोडी आपली वसईही आहे. म्हणून आजचा लेखांक त्या पत्र्याचा.

वसईत, नाळ्याच्या अलीकडे एका वाडीत, ओटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक जुना ड्रमसेट झाकून ठेवलेला आहे. मालक सत्तरीपार. तरुणपणी लग्नांत बँडबरोबर वाजवायचे, हल्ली केळी बघतात. ताडपत्री ओढली तर आधी एक पाल पळाली, मग धूळ उठली आणि खाली लोण्याच्या रंगाचा, आत धुरासारखी वळणं असलेला बेस ड्रम दिसला. ओल्या फडक्यानं पुसला तशी ती वळणं खोल खोल दिसायला लागली. ड्रम जरा फिरवला की तीही हलल्यासारखी वाटत.

"अंकल, हा मूळचाच पिवळा?"

"पिवळा कसला? पांढराशुभ्र होता. लग्नात नवरी आणि हा, दोघंच पांढरे."

ड्रमच्या पोटाखाली जिथे पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर येतात, तिथे सरस सुटून कड उचलली होती. तिच्यावर अंगठा जोरात घासला आणि नाकाशी नेला. कापराचा वास आला.

आपल्या आज्यांना हा पदार्थ चांगला ओळखीचा होता. कचकडं. कचकड्याची बाहुली, कचकड्याची फणी, कचकड्याच्या बांगड्या. सेल्युलॉइड म्हणतात ते हेच. कापसावर नायट्रिक आणि गंधकाच्या आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळतं. ते नुसतं असलं तर भडका उडवणारं आणि कामाला नाठाळ. त्यात कापूर घातला की मात्र ते गरम करून वाकवता येतं, दाबता येतं, कापता येतं. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यानं १८६९ च्या सुमारास हे जमवलं, तेही बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूला स्वस्त पर्याय शोधता शोधता. म्हणजे जन्मापासून या पदार्थाचा धंदा एकच, महागड्या वस्तूचं सोंग घेणं. आधी हस्तिदंताचं, मग कासवाच्या पाठीचं, मग शिंपल्याचं.

सुरुवातीच्या सिनेमाची फिल्मही याच कुळातली. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांनी पाहिला तो असल्याच नायट्रेट रिळांवरून. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून जुनी रिळं गेली, ती याच पदार्थाच्या स्वभावामुळे. तेव्हा कोणाच्या ओटीवर असा ड्रम असेल तर त्याच्यावर मेणबत्ती लावून ठेवू नका, एवढीच विनंती.

आता मोत्याची झाक कुठून आली ते पाहू. वसईच्या पाचूबंदरला सकाळी मासळी साफ करणाऱ्या बाईचे हात बघा. मनगटापर्यंत चंदेरी चमक लागलेली असते आणि पाण्यानं धुतली तरी लवकर जात नाही. माशाच्या खवल्यांवर ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिबारीक चपटे स्फटिक असतात, त्यांच्यावरून उजेड परततो म्हणून ही चमक. सतराव्या शतकात पॅरिसच्या जॅकाँ नावाच्या जपमाळा बनवणाऱ्या कारागिरानं मासे धुतलेल्या पाण्यात ही चमक पाहिली आणि खवल्यांचा अर्क काढून तो काचेच्या पोकळ मण्यांना आतून लावला, अशी कथा सांगतात. खोटे मोती तयार झाले ते रोझरी ओवायला. हाच अर्क पुढे कचकड्यात कालवला गेला. त्यातून फाउंटन पेनं झाली, अकॉर्डियनची आवरणं झाली, कमोडची झाकणंसुद्धा झाली. आणि विसाव्या शतकाच्या विशीत अमेरिकेतल्या कारखानदारांनी तोच मोतिया पत्रा ड्रमला गुंडाळला.

यामागे कलादृष्टी किती आणि हिशेब किती, हे मला विचाराल तर मी हिशेबाला झुकतं माप देईन. ड्रमचं पिंप लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, गोल वाकवून करतात. ते उघडं ठेवायचं तर वरचा थर चांगल्या लाकडाचा हवा, मग घासकाम, मग लाखेचे हात, प्रत्येक हातानंतर वाळवण. त्यापेक्षा पत्रा बरा. कचकड्याची जाड वडी घ्यायची, तिचे मोठ्या पात्यानं पातळ काप काढायचे, ते मुरू द्यायचे आणि मापानं कापून पिंपावर चिकटवायचे. खाली लाकूड कसंही असो, गाठ असो, डाग असो, पत्रा सगळं झाकतो.

पण गिऱ्हाईकाला हे कशाला सांगायचं! त्याला मंच दाखवायचा. ड्रमवाला बँडच्या मागे बसतो आणि पुढे सनई असो की सॅक्सोफोन, लोकांची नजर पुढच्यांवर. मागच्यानं दिसायचं कसं? विशीतल्या नाचघरांत बेस ड्रमच्या पुढच्या कातड्यावर निसर्गचित्रं रंगवत आणि आत विजेचा दिवा लावत. चित्र आतून उजळे आणि दिव्याच्या उबेनं दमट हवेत कातडंही ताठ राही. एका दिव्यात दोन कामं. वसईच्या माणसाला ही युक्ती आवडावी.

मग आला ड्रमवाला जीन क्रुपा. १६ जानेवारी १९३८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या बँडनं जाझ वाजवलं आणि मागे बसणारा ड्रमवाला पुढच्यांइतकाच लोकांचा लाडका असू शकतो हे तिथे दिसलं. क्रुपाच्या स्लिंगरलँड ड्रमचं आवरण होतं व्हाइट मरीन पर्ल, म्हणजे पांढऱ्या शिंपल्याचं. त्यानंतर जगभरच्या पोरांना ड्रम म्हटला की पांढरा मोतियाच हवासा वाटू लागला. नाळ्याच्या अंकलचा सेट कुठल्या कारखान्याचा ते सांगता येत नाही, त्याची पाटी कधीच गळून पडली आहे. पण घराणं हेच.

दुसरा मोठा प्रसंग १९६३ चा. लंडनमध्ये आयव्हर आर्बिटर यांच्या ड्रमच्या दुकानात बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार नवा सेट घ्यायला आला आणि त्यानं रंगांच्या नमुन्यांतल्या एका तुकड्यावर बोट ठेवलं, असं आर्बिटर सांगत. तो तुकडा लुडविग कंपनीच्या ब्लॅक ऑयस्टर पर्लचा होता. करड्या-पांढऱ्यावर काळ्या लाटा. आवाज ऐकून नव्हे, मेकर बघून नव्हे, रंग बघून! बँडच्या नावाची ती प्रसिद्ध अक्षररचना, मोठा बी आणि लांब टी, तीही त्याच व्यवहारात आर्बिटरांनी सुचवली आणि रंगाऱ्यानं ड्रमच्या कातड्यावर काढली. ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेत सात कोटींहून जास्त लोकांनी बीटल्सना टीव्हीवर पाहिलं. टीव्ही कृष्णधवल, आणि रिंगोचं आवरण नेमकं काळं-पांढरं. लाल किंवा निळा ड्रम त्या पडद्यावर करडा ठिपका झाला असता, हा मात्र लाटांसकट दिसला. लुडविगच्या शिकागोच्या कारखान्याला त्यानंतर रात्रंदिवस काम करावं लागलं. रिंगोचा तो १९६३ चा सेट २०१५ साली लिलावात वीस लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला.

त्याच्या पुढची गोष्ट भराभर सांगतो, कारण तिथे मोती संपतात. साठच्या दशकात बेगडाचे कण घातलेले स्पार्कल पत्रे गाजले, शॅम्पेनच्या रंगाचे, निळे, लाल. सत्तरीत तर पिंपच पारदर्शक ॲक्रिलिकचं झालं. लेड झेपलिनचा जॉन बॉनम १९७३ च्या मैफलींत मधाच्या रंगाच्या ड्रमवर बसलेला सिनेमात दिसतो. नायट्रोसेल्युलोज मात्र आगीच्या भीतीनं हळूहळू हद्दपार झालं आणि जुन्या मोत्यांचं ते खोल वळण नव्या प्लॅस्टिकला कधी जमलं नाही. हे माझं मत आहे. विक्रेते मानणार नाहीत.

आता मुंबई. इथे गंमत उलटी होते. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबीचा जाझ बँड ताजमहाल हॉटेलात आला. पुढे चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक हॉटेलं गाजवू लागले, आणि तेच वादक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाऊ लागले. कावस लॉर्ड आणि त्यांची दोन मुलं, केरसी आणि बुर्जोर. लेस्ली गोदिन्हो, ज्यांचा ड्रम शंकर-जयकिशन यांच्या १९६८ च्या 'रागा जाझ स्टाइल'मध्ये वाजतो. आर. डी. बर्मन यांच्याकडचे फ्रँको वाझ. ही माणसं स्टुडिओच्या चार भिंतींत वाजवत. तिथे पत्रा मोतिया आहे की लाकूड उघडं आहे, मायक्रोफोनला काय त्याचं!

आणि पडद्यावर? १९६६ चा 'तीसरी मंजिल' आठवा. शम्मी कपूर हॉटेलातला ड्रमर रॉकी. मान उडतेय, काठ्या उडताहेत, ड्रमवर दिवे चमकताहेत. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीनं ड्रमसेट पहिल्यांदा डोळे भरून पाहिला तो नटाच्या पुढ्यात. वाजवणारा वेगळा, दिसणारा वेगळा. जो पत्रा मागे बसलेल्या वादकाला दिसता यावं म्हणून निघाला, तो इथे न वाजवणाऱ्याच्या वाट्याला गेला.

वसईत असं झालं नाही. इथे वाजवणारा गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाजवायचा. ख्रिस्ती लग्नात उंबराचं पाणी आणायला वरात विहिरीवर जाते तेव्हा बँड पुढे असतो. तिथे गळ्यात अडकवायचा साइड ड्रम आणि पोटावरचा मोठा ड्रम, झांजा, क्लॅरिनेट, ट्रम्पेट. बसून वाजवायचा सेट लागायचा तो रात्री मांडवात नाच असला की. दिव्यांच्या माळा आणि त्याखाली मोतिया ड्रम. नाचणाऱ्या जोड्यांची सावली त्या वळणांवरून सरकत जायची, असं अंकल सांगतात. सांगताना हात आपोआप काठ्या धरल्यासारखे होतात.

सेट मुंबईहून आणला तोही लोकलच्या मालडब्यातून. १८६७ पासून विरारची गाडी मुंबईला जाते आहे, आणि वसईची केळी, फुलं, भाजी त्याच वाटेनं गेली. परतीच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये बेस ड्रम बसवला. हॉटेलात वाजवणाऱ्या एका वादकानं जुना म्हणून विकला होता. नवा परदेशी घ्यायचा विचारच नव्हता, आयातीचे परवाने आणि जकात यांत माणूस म्हातारा झाला असता. दादरला गर्दी शिरली आणि एका टोपलीच्या कांबीनं पत्र्यावर वीतभर ओरखडा पडला.

"घरी येईपर्यंत बघितला नाही," अंकल म्हणाले. "बघितला असता तर बोरिवलीलाच उतरलो असतो."

तो ओरखडा अजून आहे. त्यात काळी धूळ बसून आता तो पत्र्याच्या वळणांपैकीच एक वाटतो.

पांढरा पिवळा का पडतो, हे शेवटी. नायट्रोसेल्युलोज स्वतःच हळूहळू विघटत असतं. ऊन आणि दमट हवा त्याला हातभार लावतात, नाचघरातला सिगारेटचा धूर भर घालतो. शिवाय त्यातला कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो, तसा पत्रा आकसतो, जोडावर ताण येतो आणि तिथून तो चिरतो किंवा उचलतो. उचललेली कड बरेच जण घाईनं झटपट चिकटणाऱ्या गोंदानं दाबून टाकतात. तसं करू नये. कडक गोंदानं आकसायला जागाच उरत नाही, मग चीर दुसरीकडे जाते. आणि पिवळेपणा घासून काढायच्या भानगडीतही पडू नये. तो फक्त वर बसलेला मळ नव्हे, पत्र्याचाच रंग बदललेला असतो.

जुने ड्रम जमवणारे लोक हा पिवळेपणा किती आणि कुठे हे पाहून सेटचं खरंखोटं ठरवतात. कसं, ते अंकलच्या ओटीवरच कळलं. पडदा ताणणारे स्क्रू ज्या धातूच्या पकडीत बसतात तिला लग म्हणतात. त्यांनी आतून दोन बोल्ट सैल केले आणि फ्लोअर टॉमवरची, म्हणजे जमिनीवर उभ्या ड्रमवरची, एक लग उचलली. खाली बोटभर लांबीची जागा होती, लगच्याच आकाराची. तिला ऊन लागलं नव्हतं, धूर लागला नव्हता. पांढरीशुभ्र, आत निळसर वळण.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. मग आतून चहाची हाक आली आणि अंकलनी लग पुन्हा जागेवर ठेवून बोल्ट आवळले.

(पुढच्या आठवड्यात : झांज. तुर्की कारागिरांपासून मेरठच्या जलीकोठीपर्यंत.)