वाळूचा बांध आणि लाटेवरची स्वारी

नाशिककरांस पाण्याची ओळख होते ती गोदावरीपासून. ही नदी त्र्यंबकेश्वरीं, पश्चिम समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरांवर उगम पावते, आणि त्या समुद्राकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत पूर्वसमुद्रास मिळते. तिच्या कांठचीं मुलेंही समुद्राकडे पाठ करूनच वाढतात, असें म्हटलें तरी चालेल. गांधी तलावांत सूर मारणारा मुलगा सहलीस कोंकणांत गेला म्हणजे त्याला वाटतें, पाणी तें पाणीच. आम्हांसही तसेंच वाटत होतें. गेल्या माघांत गोव्यांतील आश्वें या गांवीं तो समज फिटला.

आश्वें पेडणें तालुक्यांत आहे. तेथें पुष्कळ मंडळी लांब फळीवर उभी राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येण्याचा खेळ शिकतात. यास सर्फिंग म्हणतात. हवाई बेटांतले लोक तो पुरातन काळापासून खेळत. कॅप्टन कुकच्या जहाजावरील लेफ्टनंट जेम्स किंग यानें १७७९ सालीं त्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. २०२१ मध्यें जपानांत भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळास प्रथम स्थान मिळालें, तें त्सुरिगासाकी येथील वाळूच्या किनाऱ्यावर. २०२४ चे सामने ताहिती बेटावरील तेआहुपो येथें, पोंवळ्यांच्या खडकावर फुटणाऱ्या लाटांत झाले. खडकावर पडणाऱ्याचें अंग सोलून निघतें. वाळूवर पडणारा उठून केस झटकतो. नवशिक्यास एवढा फरक पुरे आहे.

लाट येते असें आपण म्हणतों, परंतु भर समुद्रांत पाणी फारसें पुढें येत नाहीं. गव्हाच्या शेतावरून वारा गेला म्हणजे लहर बांधापर्यंत पोंचते, पण रोप आपल्या जागींच असतें. तसाच हा प्रकार. हिवाळ्यांत अरबस्तानाकडे शमाल नांवाचा वायव्येचा वारा सुटतो. त्यानें उठविलेल्या लाटा सारा अरबी समुद्र ओलांडून गोव्यास लागतात. पाणी उथळ होऊं लागलें कीं लाटेचा खालचा भाग तळाशीं अडखळतो, वरचा पुढें धांवतो आणि ती उंच होत जाते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली म्हणजे ती कोसळते. तीन फूट उंचीची लाट सुमारें पावणेचार फूट पाण्यांत फुटते.

आतां वाळूचा बांध. पावसाळ्यांतील दांडग्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात व कांहीं अंतरावर पाण्याखालीं तिचा लांबट ढीग रचून ठेवितात. पुढें उघडिपींतल्या सौम्य लाटा ती थोडी थोडी परत आणतात. लाट प्रथम या बांधावर फुटते. तिचें पुष्कळसें बळ तेथेंच खर्ची पडतें आणि उरतो तो फेसाचा पांढरा लोट कमरेएवढ्या पाण्यांतून किनाऱ्याकडे जातो. नवशिका फळीवर पालथा निजतो, लोट जवळ येतांच हातांनीं पाणी मारतो आणि फळीनें वेग घेतला कीं छातीजवळ हात टेकून एकदम उठतो. एक पाऊल पुढें, एक मागें, गुडघे वांकलेले. नजर पायांकडे गेली कीं पडलाच. आम्ही अकरा वेळां पडलों. बाराव्या खेपेस उभे राहिलों, पण तें इतका अल्प वेळ कीं किनाऱ्यावर बसलेल्या आमच्या कन्येस तें दिसलेंच नाहीं. दोन तास पाण्यांत राहूनही अंगावर शहारा आला नाहीं, हें मात्र माघांत पहांटे गोदेंत बुडी मारणारांस सांगितलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं फळी बाजूस ठेवून मुलीसह नुसतें पोहावें म्हणून निघालों. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडेही फुटत होत्या. मधली पट्टी अगदीं शांत, किंचित् गडद रंगाची होती. मुलीस घेऊन जावयास तीच जागा निर्धोक वाटली. इतक्यांत आमचे शिक्षक मागून ओरडले, "तिकडे जाऊं नका. ती वाट आहे."

"कोणाची?"

"पाण्याची."

बांधावरून लाटा सारखें पाणी आंत लोटीत असतात. तें आंत किती सांचणार? परत जावयास तें बांधांतील खिंड शोधतें आणि तिच्यांतून ओढ्यासारखें बाहेर धांवतें. खिंडींत तळ खोल, म्हणून तेथें लाट फुटत नाहीं, आणि लाट फुटत नाहीं म्हणून आपणांस ती जागा सुरक्षित भासते! ही ओढ माणसास खालीं खेंचीत नाहीं, बाहेर नेते. घाबरून तिच्याविरुद्ध थेट किनाऱ्याकडे हात मारणारा पट्टीचा पोहणाराही दमून बुडतो. नदींत प्रवाह कांठाच्या कडेनें वाहतो, म्हणून कांठाकडे पोहलें कीं सुटका होते. येथें प्रवाह कांठापासूनच निघतो. प्रवाहास आडवें पोहावें हा नियम दोन्हीकडे एकच, फक्त समुद्रांत आडवें म्हणजे किनाऱ्याला समांतर. ओढीच्या बाहेर पडल्यावर फुटणाऱ्या लाटाच आपणांस परत आणतात. तेवढाही दम नसेल तर तरंगत राहावें आणि हात वर करून मदत मागावी. गोव्यांत जीवरक्षक लाल-पिवळीं निशाणें लावतात. त्यांच्या दरम्यानच उतरावें.

१ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हां पावसाळा नव्हता, वादळही नव्हतें. आपल्या मुलांस सहलीचे पैसे देतांना आईबापांनीं पाण्याची ही वाट एकदां कागदावर काढून दाखवावी. पांच मिनिटें लागतात.

हवाईचा प्रसिद्ध जलतरणपटू ड्यूक कहानामोकू यानें १९२५ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ उलटलेल्या नावेंतील आठ माणसें आपल्या फळीवरून वांचविलीं. लाटा कोठें फुटतात व पाणी कोठून परततें हें त्याला लहानपणापासून पाठ होतें. आमची कन्या आतां कोठल्याही किनाऱ्यावर प्रथम दहा मिनिटें नुसती बसून राहते व वाट कोठें आहे तें बोटानें दाखविते. आश्व्यास पुन्हा गेलों तर तिला ती नव्यानें शोधावी लागेल, कारण बांध दर पावसाळ्यांत मोडतो आणि दुसरीकडे बनतो. आमचे शिक्षकही आश्विनांत ओहोटीच्या वेळीं पाण्यांत चालत जाऊन पायांनीं तळ चांचपतात, आणि मगच फळ्या बाहेर काढतात.