दाखला जपा, घंटा विसरा

मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायचा विचार बोलून दाखवला की पहिला प्रश्न येतो, 'हे कायद्यात बसतं का?' आजोबा विचारतात, शेजारचे विचारतात आणि रात्री दिवा मालवल्यावर आईबापही एकमेकांना विचारतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत मोफत शिकवण्याची सक्ती त्याने सरकारवर घातली. कलम 10 मध्ये पालकांचंही कर्तव्य सांगितलं आहे, पण ते न पाळल्यास पालकाला शिक्षा किंवा दंड करणारं कलम या कायद्यात नाही. घरी शिकणाऱ्या मुलांचा मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा 2012 साली केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने स्वखुशीने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका घेतली. घरशाळेला परवानगी देणारा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे नाही. म्हणजे आपण मनाई नसलेल्या जागेत उभे असतो. अमेरिकेत राज्याराज्याचे नियम आहेत, जर्मनीत जवळजवळ बंदीच आहे. आपली जागा या दोन्हींपेक्षा धूसर आहे आणि धूसर जागेत कागद जपून ठेवणाऱ्याचं निभावतं.

पहिला कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. महाराष्ट्रात या एका कागदाला किती किंमत आहे, ते जातीचा दाखला काढायला तहसील कचेरीत गेलेल्या माणसाला विचारा. मूल शाळेत गेलेलं असेल तर बाहेर पडताना मूळ दाखला घ्या, त्यावरचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी ताडून पाहा आणि मूळ प्रत कुणालाही देऊन टाकू नका. मूल कधीच शाळेत गेलं नसेल, तर जन्मदाखला आणि आधार यांवरचं स्पेलिंग आजच एकसारखं करून घ्या. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी एखादे गुरुजी वही घेऊन दारात आले, तर त्यांच्याशी वाद घालू नका. ते त्यांचं काम करत असतात. चहा द्या, मुलाच्या वह्या दाखवा, मूल कुठल्या मंडळाची परीक्षा देणार आहे ते सांगा.

पालकांना धीर देणारी आणखी एक तरतूद याच कायद्यात आहे. कलम 4 नुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. दोन वर्षं घरी शिकवून जमलं नाही, तर दहा वर्षांचं मूल पुन्हा पहिलीत बसत नाही. मला विचाराल तर घरशाळेच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट हीच आहे, पण तिच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही.

आता परीक्षा. चौदा वर्षांपर्यंत परीक्षा न देताही चालतं. दहावीच्या वेळी बहुतेक घरं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे वळतात. ही केंद्र सरकारची संस्था 1989 साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली. दहावीला बसायला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. आधी शाळेत न गेलेल्या मुलाला, आपण पुरेसं शिकलो आहोत असं स्वतःच लिहून देता येतं. उत्तीर्ण व्हायला किमान पाच विषय लागतात, त्यांत एक तरी भाषा हवी. मराठी हा विषय म्हणून घेता येतो आणि दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला होते. पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं, म्हणजे पाच विषयांचं ओझं एकाच मार्चमध्ये उचलायची गरज नाही. आज दोन, सहा महिन्यांनी दोन, मग उरलेला एक, असं करणारी मुलं पुष्कळ असतात.

या मोकळीकीत एक खड्डा आहे. गणित सक्तीचं नाही. गणिताला कंटाळलेलं मूल चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय घेऊन दहावी होऊ शकतं आणि त्यात वाईट काही नाही. पण सोळाव्या वर्षी त्याला अभियांत्रिकीची ओढ लागली, तर परत फिरावं लागतं. विषय निवडताना मुलासमोर अकरावी-बारावी आणि पुढच्या प्रवेश परीक्षांच्या अटी उघडून ठेवा. वैद्यकीयच्या नीट परीक्षेतून मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वगळणारी अट 2018 साली आली होती आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द ठरवली. अशा अटी येतात आणि जातात, त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणं हाच उपाय.

दुसरा रस्ता राज्य मंडळाचा, सगळ्यांच्या तोंडी असलेला 17 नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून नेमून दिलेल्या शाळेमार्फत हा भरायचा आणि इतर मुलांसोबत फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच प्रश्नपत्रिका सोडवायच्या. यासाठी शाळा सोडल्याचा दाखला मागतात, म्हणून तो जपा म्हटलं. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा घेतं. पैसा असलेली घरं केंब्रिजच्या आयजीसीएसईकडे जातात. त्या परीक्षेचं शुल्क विषयागणिक भरावं लागतं आणि ते मध्यमवर्गीय घराला जाणवण्याइतकं असतं.

मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण या वळणावर हमखास दिलं जातं. सातवीच्या सुमाराला शाळा सोडून, आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवून ती 2016 साली अमेरिकेच्या एमआयटीत गेली. बारावीचा कागद नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं. तिचं कौतुक आहेच, पण आपल्या घरचा हिशेब तिच्यावरून मांडू नये. बहुतेक मुलं पदकाशिवायच मोठी होतात आणि त्यांना बारावीचा कागद लागतो.

काय शिकवायचं, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे आणि इथेच पालक सगळ्यात जास्त पैसे उधळतात. परदेशी अभ्यासक्रमांच्या रंगीत पेट्या मागवण्याआधी बालभारतीची पुस्तकं उघडा. 1967 साली स्थापन झालेल्या या मंडळाची सगळी पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. 1971 पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही फुकट वाचता येतात. लिहिण्यासाठी माधुरी पुरंदरे यांचं 'लिहावे नेटके' आणि वाचनासाठी त्यांनीच संपादित केलेलं 'वाचू आनंदे' घरात असलं, तर भाषेच्या शिकवणीची गरज नाही. विज्ञानाला अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ पुरून उरतं. काडेपेट्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, रिकामी रिफिल यांपासून करायची खेळणी आणि मराठीत आणलेली कितीतरी पुस्तकं तिथे आहेत. संदर्भाला मराठी विश्वकोशाचे वीस खंड, तेही फुकट. मोठ्या मुलांना मंगला नारळीकर यांचं 'गणितगप्पा' द्या. दुसरीच्या पुस्तकात 'बासष्ट'सोबत 'साठ दोन' असं वाचन आलं म्हणून 2019 साली महाराष्ट्रभर विनोद झाले, ती गणित समिती त्यांच्याच अध्यक्षतेखालची होती. विनोद करणाऱ्यांनी सहा वर्षांच्या मुलाला 26 आणि 62 लिहायला सांगून पाहावं.

धर्मनिरपेक्ष घरशाळा हा यातला नाजूक भाग. अमेरिकेत घरशाळेची चळवळ मोठ्या प्रमाणात ख्रिस्ती श्रद्धाळू कुटुंबांनी वाढवली. त्यामुळे तिथल्या बाजारातल्या जीवशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांत उत्क्रांती नसते किंवा तिच्याविरुद्ध लिहिलेलं असतं. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरांनी पुस्तक घेण्याआधी उत्क्रांतीचं प्रकरण आणि पृथ्वीचं वय ही दोन पानं उघडून पाहावीत, पुस्तकाची जात तिथेच कळते. आपल्याकडेही डोळे उघडे ठेवायला हवेत. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग 2023 साली निघाला, आता तो थेट बारावीच्या जीवशास्त्रात भेटतो. बालभारतीच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'च्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलंच प्रकरण आहे. एनसीईआरटी वापरणाऱ्या घरांनी तेवढं प्रकरण बालभारतीतून घ्यावं.

पण धर्मनिरपेक्ष म्हणजे घरात धर्माचा विषयच काढायचा नाही, असं काही पालक समजतात आणि मुलाला आजूबाजूच्या समाजाबद्दल अडाणी ठेवतात. धर्म शिकवायचा तो इतिहास, भूगोल आणि गणित म्हणून. त्यासाठी भिंतीवरच्या कालनिर्णयाइतकं स्वस्त साधन नाही. त्यात हिंदू सण असतात, तशाच ईद, नाताळ, पतेती आणि बुद्धपौर्णिमाही असतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मागच्या पाच वर्षांच्या गणेशचतुर्थीच्या तारखा लिहायला सांगा, शेजारी रमजान ईदच्या. चतुर्थी मागेपुढे होते, पण ऑगस्ट-सप्टेंबर सोडत नाही. ईद मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतच जाते. का? चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्ष 365 चं, फरक अकराचा. पंचांग हा फरक साठवतं आणि साधारण 32-33 महिन्यांनी एक अधिक महिना घालून चुकता करतं. 2020 ला अधिक आश्विन होता, 2023 ला अधिक श्रावण, 2026 ला अधिक ज्येष्ठ. हिजरी कालगणना तो चुकता करत नाही, म्हणून रमजान सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. शहेनशाही पारशी वर्ष बरोबर 365 दिवसांचं, त्याला लीप वर्ष नाही, म्हणून पतेती चार वर्षांनी एक दिवस मागे येते. वजाबाकी-भागाकारात तीन धर्मांच्या कालगणना समजतात आणि कुणाची खरी, कुणाची खोटी हा प्रश्नच उठत नाही.

थोड्या मोठ्या मुलाला संक्रांत द्या. सूर्याचं उत्तरायण 21-22 डिसेंबरला सुरू होतं आणि तिळगूळ आपण 14-15 जानेवारीला वाटतो. मधले चोवीसएक दिवस कुठून आले? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि साधारण 72 वर्षांत एक अंश, म्हणजे सुमारे एक दिवस, सरकतो. मुलाने 24 ला 72 ने गुणलं की सतराशे वर्षांपूर्वी हे दोन दिवस एकत्र होते, हे त्याचं त्यालाच सापडतं. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात भर दुपारी काही क्षण उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते, तेही गच्चीवर मोजायला लावा.

सहल काढायची तर कार्ल्याची काढा. बाराव्या वर्षी एका डोंगरावर इतके विषय दुसरीकडे मिळणं कठीण. चैत्यगृह बौद्धांचं, छताच्या लाकडी फासळ्या मूळच्या. खांबांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली, त्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे परदेशी वंशाचे लोकही आहेत. दारातच एकवीरेचं मंदिर, कोळी-आगऱ्यांची पालखी तिथे येते. पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हे लेणं घाटातून कोकणातल्या बंदरांकडे उतरणाऱ्या वाटेवर का कोरलं, एवढा एकच प्रश्न मुलाला देऊन गप्प बसा. पुढच्या खेपेला वसईची चर्चं किंवा अलिबाग-रेवदंड्याकडची बेने इस्रायलींची सिनेगॉग पाहता येतील.

रोजचा दिवस कसा असावा? शाळेतून काढलेल्या मुलाला पहिले काही महिने मोकळं सोडा. ते लोळेल, कंटाळेल, तुम्हाला घाम फुटेल. घरात सात तासिकांचं वेळापत्रक लावणारे पालक बहुधा दिवाळीपर्यंत थकतात. आठ वर्षांच्या मुलाला रोज बसून दीड-दोन तास पुरतात. बाकी वेळ स्वयंपाकघर, वाचनालय, मैदान, तबला यांचा. संगीतात गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षा शाळेशिवाय देता येतात. शिष्यवृत्ती परीक्षांचे अर्ज मात्र शाळेमार्फतच भरले जातात. रोज चार ओळींची नोंदवही ठेवा: काय वाचलं, काय केलं, कुठला प्रश्न विचारला. ती सासूबाईंना दाखवायलाही उपयोगी पडते.

मित्रांचं काय, हा प्रश्न खरा आहे. चाळीत किंवा सोसायटीत पाच वाजता मुलं खाली येतात तिथे अडचण नाही. विसाव्या मजल्यावरच्या एकुलत्या मुलाला मात्र क्रीडा क्लब, बालनाट्याचा गट, घरी शिकणाऱ्या दुसऱ्या घरांची आठवड्याची भेट हे ठरवून जमवावं लागतं. 'स्वशिक्षण' या नावाने अशा पालकांची भारतभरची ओळखही उभी राहिली आहे.

ज्याविषयी लेखांत फारसं लिहिलं जात नाही, ती गोष्ट म्हणजे घरशाळेचं बिल बहुतेक घरांत आई भरते. नोकरी तिची सुटते, आणि कौतुक 'आम्ही मुलाला वेगळं शिकवतो' म्हणणाऱ्या बाबांचं होतं. दोघांनी मिळून रोज चार तास काढता येत नसतील, किंवा घरात आवाज चढवल्याशिवाय गणित शिकवता येत नसेल, तर हा मार्ग धरू नये. मुलाला जवळच्या बऱ्या शाळेत ठेवावं. कालनिर्णय आणि कार्ले रविवारीही करता येतात. ज्यांना तरीही करून पाहायचं आहे, त्यांनी दाखला काढण्याआधी एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी घरीच शिकून पाहावी, आणि जूनमध्ये मुलाचं मत आधी विचारावं.