मुळापर्यंत जाणारी सुई

शनिशिंगणापूरला माझं जाणं-येणं तीसेक वर्षांचं. तिथे माझा कॉलेजातला मित्र राहतो. बी.ए.ला आम्ही एका बाकावर होतो. पुढे त्याने शेती आणि पूजासाहित्याचं दुकान सांभाळलं, मी कविता सांभाळल्या. गावाची ख्याती आपण जाणताच. घरांना दारं-कुलपं लावायची नाहीत, ही इथली रीत. २०११ साली युको बँकेने इथे शाखा काढली, तेव्हा कुलूप नसलेली बँक म्हणून तिची बातमी देशभर झाली.

अशा बिनदाराच्या घरात तरुण मुलीने आरशासमोर कुठे उभं राहायचं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एका दुपारी हाक मारत आत गेलो. मित्राची मुलगी पडद्याआड दातात दोरा धरून स्वतःच्या हनुवटीवरचे केस उपटत होती. तिने चटकन ओढणी तोंडावर घेतली. ‘चाचा, थांबा जरा,’ एवढंच म्हणाली. मी अंगणात येऊन बसलो. नंतर वहिनींनी चहा आणला आणि चार वर्षांचं मनात साठलेलं सांगितलं. दर आठ दिवसांनी दोरा. मुलगी लग्नकार्याला जात नाही, फोटोत उभी राहत नाही. बघायला आलेल्या एका घरातल्या बाईने तर उजेडात नेऊन तिचा चेहरा पाहिला होता.

या विषयावर पुरुषाने बोलावं का, असा संकोच मलाही होता. मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, ‘बोला चाचा, नाव तेवढं घेऊ नका. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत.’ म्हणून हे बोलणं.

दोऱ्याने केस जातो, पण मूळ राहतं. मित्राला हे समजावून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, ‘हराळीसारखं आहे. वरून कापली तर महिन्यात पुन्हा हिरवी. जमिनीतल्या काश्या निघाल्या पाहिजेत.’ केसाच्या काश्या काढण्याची जी विद्या आहे, तिचं नाव इलेक्ट्रॉलिसिस. ती करणारा तो इलेक्ट्रॉलॉजिस्ट.

या विद्येचा जन्म सौंदर्यासाठी झालेला नाही. माझ्या नानीला खुपऱ्या झाल्या होत्या. त्या आजारात पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळाला घासतात. शेजारची एक म्हातारी चिमट्याने ते केस उपटून द्यायची. पंधरा दिवस बरे जायचे, मग पुन्हा डोळ्यात कुसळ. अमेरिकेत सेंट लुईसला चार्ल्स मिशेल नावाचे नेत्रवैद्य होते. त्यांच्यापुढे असेच, पापणीचे केस आत वळलेले रुग्ण येत. त्यांनी बारीक सुई केसाच्या मुळाशी नेऊन तिच्यातून विजेचा सौम्य प्रवाह सोडला. ते केस पुन्हा आले नाहीत. १८७५ साली त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. नानीच्या गावापर्यंत मात्र तो कधी पोहोचला नाही.

सुई करते काय? ती त्वचेला भोक पाडत नाही. केस ज्या छिद्रातून उगवतो, त्याच वाटेने ती आत सरकते. तिथे शरीराचं पाणी आणि मीठ असतंच. एकाच दिशेने वाहणारा प्रवाह सोडला की त्यातून कॉस्टिक सोड्याचा अगदी सूक्ष्म अंश तयार होतो आणि तो मूळ विरघळवतो. ही जुनी, सावकाश पद्धत. एकेका केसाला मिनिट किंवा जास्तही लागतं. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये दुसरी पद्धत आली. तिच्यात उच्च कंपनाच्या प्रवाहाने मूळ क्षणात भाजलं जातं. पुढे १९४०च्या दशकात या दोन्हींचा मेळ घातला गेला. त्या पद्धतीला ‘ब्लेंड’ म्हणतात. तिन्ही आजही चालतात. कोणतीही घ्या, काम एकेका केसाचंच. म्हणून यंत्राइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, हात महत्त्वाचा.

आता लेझर. आमची पहिली चूक इथेच झाली. एका पार्लरवर ‘इलेक्ट्रॉलिसिस’ अशी पाटी होती. आत प्रकाशाचा झोत मारणारं यंत्र होतं. दोन बैठकांत मुलीच्या गालावर काळे डाग उठले. लेझरचा प्रकाश काळा रंग शोधतो. केसातला रंग तापतो आणि ती उष्णता मुळाला पोचते. पण आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीतही तोच रंग असतो. यंत्र आणि माणूस योग्य नसेल तर कातडीच भाजते. पांढऱ्या किंवा भुऱ्या केसावर लेझर चालत नाही आणि बायकांच्या चेहऱ्यावर कधीकधी उलट केस वाढतातही. लेझर वाईट आहे असं नव्हे. जाणत्या त्वचारोगतज्ज्ञाच्या हातात, सावळ्या त्वचेला मानवणारं यंत्र असेल, तर काळे दाट केस ते पुष्कळ कमी करतं. परंतु अमेरिकेचं औषध प्रशासन लेझरला ‘कायमची घट’ म्हणू देतं. ‘कायमचं निर्मूलन’ हा शब्द इलेक्ट्रॉलिसिससाठी वापरला जातो. दोन शब्दांत एवढं अंतर आहे.

दुसरी चूक कारण न शोधण्याची. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘पाळी वेळेवर येते का?’ येत नव्हती. रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी झाली. पीसीओएस निघालं. बीजकोशांशी निगडित या विकारात पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि बारीक लव जाड केस होऊ लागते. बाईंनी समजावलं, गोळ्यांनी नवे केस कमी होतील, त्यालाही सहा महिने लागतील, पण जाड झालेले केस गोळीने जाणार नाहीत. आणि नुसती सुई लावली, आतलं कारण तसंच राहिलं, तर शेजारची लव उद्या जाड होईल. मित्राने मान डोलावली. शेत खुरपायचं आणि तणाचं बीही थांबवायचं, दोन्ही एकदम करायला हवं.

मग शोध सुरू झाला. अमेरिकेतल्या काही राज्यांत या कामाला परवाना लागतो. आपल्याकडे असा वेगळा परवाना नाही. पाटी कुणीही लावतो. आम्ही एसटीने पुण्याला गेलो. पहिल्या ठिकाणी, सुई नवी आहे का, असं विचारलं तर समोरची व्यक्ती रागावली. आम्ही उठलो.

खरी वाट दाखवली ती एका दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या तृतीयपंथी बाईने. चेहऱ्यावरची दाढी घालवण्यासाठी ती दोन वर्षं सुईखाली बसत होती. आपल्याला बाईचा जन्म घ्यायचा तर आधी रोजच्या वस्तऱ्यातून सुटायला हवं, असं तिने हसत सांगितलं. मी म्हटलं, ‘चांगला हात कसा ओळखायचा?’ ती म्हणाली, ‘भाऊ, पाटी बघू नका. त्यांच्या जुन्या माणसांचे गाल बघा.’ तिने स्वतःचा गाल उजेडाकडे केला. खड्डा नाही, डाग नाही. मुलगी पहिल्यांदाच एका अनोळखी माणसाशी आपल्या हनुवटीबद्दल बोलली.

त्या बाईकडून आणि पुढच्या अनुभवातून जे शिकलो, ते सांगतो. सुई एकदाच वापरायची, बंद पाकिटातली हवी आणि पाकीट आपल्यादेखत फुटलं पाहिजे. हातमोजे, भिंगाचा दिवा आणि स्वच्छता हवी. कोणत्या पद्धतीने करता, किती वर्षं करता, हे विचारलं की सरळ उत्तर मिळालं पाहिजे. आधी थोड्याच जागेवर करून काही आठवडे त्वचा कशी राहते हे पाहावं. जखमेचे वण जाड उठणाऱ्यांनी, मधुमेह असणाऱ्यांनी ते आधी सांगावं. हृदयात पेसमेकर असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुईखाली बसूच नये.

मुख्य परीक्षा चिमट्याची. मूळ नीट मेलं असेल तर केस अलगद, लोण्यातून निघावा तसा निघतो. चिमट्याने ओढताना उपटल्याची कळ आली, तर मूळ जिवंत आहे. आपण पैसे देऊन केस नुसता उपटून घेतो आहोत. सुईची चुणचुण होतेच. नंतर थोडी लाली, सूज, बारीक खपल्या येतात. त्या खरवडायच्या नाहीत, उन्हापासून जपायचं. मधल्या काळात दोरा आणि वॅक्सिंग बंद, कारण सुईला वाट दाखवायला केस जागेवर हवा. फार वाटलं तर कात्रीने कापावा.

आणि जो ‘एका बैठकीत कायमचे’ म्हणतो, त्याला नमस्कार करून निघावं. सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढीत असतात, काही विश्रांती घेत त्वचेखाली असतात. ते वर येतील तेव्हाच त्यांचा नंबर. म्हणून वर्ष-दीड वर्ष, कधी जास्तही, खेपा घालाव्या लागतात. पैसे बहुधा बैठकीच्या वेळेवर आकारतात, तेव्हा पूर्ण हिशेब आधी विचारावा.

सर्वांत कठीण काळ दोरा सोडल्यानंतरचा पहिला महिना होता. केस वाढू द्यायचे होते. ते सगळ्यांना दिसणार होते. वहिनी घाबरल्या होत्या. मुलगी मात्र ओढणी न घेता दुकानात बसली. गिऱ्हाईकं बघायची. एका बाईने हळूच विचारलं, ‘माझ्या पोरीचंही असंच आहे, तू काय करतेस?’ हिने सुईची सगळी हकिगत सांगितली आणि त्या पुण्याच्या ताईंचा निरोपही, गाल बघा.

याच गावात देवाच्या चौथऱ्यावर बायकांना वाट नव्हती. एप्रिल २०१६मध्ये ती खुली झाली. आरशाची वाट मात्र ज्याची त्याने खुली करायची असते. दोन वर्षं झाली. चार-दोन केस अजून येतात, ती जाऊन काढून घेते, गोळ्या चालू आहेत. परवा गेलो तेव्हा आरसा पडद्याआडून निघून ओसरीवरच्या खिळ्याला लागला होता. मित्र त्यात बघून दाढी करत होता आणि मुलगी मागे उभी राहून म्हणत होती, ‘आटपा बाबा, मला कामावर जायचंय.’